थांब म्हटलं की थांबायचं का? धावणाऱ्यांच्या हृदयाची आणि हाडाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लेखी रूप. मधले 'अं…' आणि मागे भुंकणारा शेजारचा कुत्रा एवढंच काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरापासून करतो.

गेल्या वर्षी मी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत होतो. पहिलीच फुल मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारा माणूस मी. त्यामुळे सकाळी पाषाणच्या रस्त्यावर पळतो, तेवढाच काय तो माझा शरीराशी संबंध. सोळा आठवड्यांचं वेळापत्रक केलं होतं, अर्थातच स्प्रेडशीटमध्ये. हिरवा रकाना म्हणजे पळालो, लाल म्हणजे दांडी. आठ आठवडे एकही लाल नाही. त्या नादात आठवड्याचं अंतर ३२ वरून ४४ आणि तिथून थेट ५३ किलोमीटरवर नेलं. तीन आठवड्यांत!

नवव्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. घोट्याच्या चार बोटं वर, एकाच जागी. बोट ठेवलं की नेमकं कळायचं. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मी ते 'काही झालेलं नाही' असं वाचलं आणि आणखी दोन आठवडे पळालो. त्यात एक २८ किलोमीटरची लाँग रनही झाली. मग एका सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना पाय टेकवेना. एमआरआय काढला. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे पळणं पूर्ण बंद. नाहीतर आत्ता चीर आहे, नंतर हाड पूर्ण मोडेल."

डिसेंबरचे दिवस. वर्क फ्रॉम होम घेतलं आणि कराडला घरी गेलो, तोंड पाडून.

घरी बाबा. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर वर्षभरात हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. त्याला आता दोन वर्षं झाली. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलंय, की रोज अर्धा तास चाला, हळूहळू वाढवा. पण भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, "दादा, आता जपा हं." बाबांनी डॉक्टरांचं नाही ऐकलं, पाहुण्यांचं ऐकलं. त्यांचं जग पलंग ते झोपाळा आणि झोपाळा ते फाटक एवढंच झालं होतं. माझ्यासमोर एकदा छातीवर हात ठेवून म्हणाले, "धडधडलं की भीती वाटते रे."

मी लंगडत घरात शिरलो तेव्हा आई एकदा माझ्याकडे आणि एकदा बाबांकडे बघून म्हणाली, "एकाला थांबवता येत नाही, एकाला उठवता येत नाही. काय करू मी तुमचं दोघांचं?"

आईचं ते वाक्य डोक्यात बसलं. पळता येत नव्हतं म्हणून पहाटे वाचायला लागलो. 'थांब' हा सल्ला धावणाऱ्यांना कधीपासून दिला जातोय? तो बरोबर कधी निघाला आणि चूक कधी? याच्या दोन गोष्टी सापडल्या, एक हृदयाची आणि एक हाडाची. गंमत म्हणजे दोन्हीचा निकाल उलटा आहे.

आधी हृदयाची गोष्ट

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये खेळाचं वेड वाढलं तशी डॉक्टरांना काळजी वाटायला लागली. जोरात दमणूक झाली की हृदय ताणलं जातं, मोठं होतं आणि माणूस लवकर जातो, अशी समजूत होती. १८६७ साली फ्रेडरिक स्के नावाच्या लंडनच्या सर्जननं 'टाइम्स'मध्ये लिहून ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बोट रेसवर टीका केली. ही शर्यत तरुणांच्या प्रकृतीचं वाटोळं करते, असा सूर.

त्यावर जॉन मॉर्गन या डॉक्टरनं जे केलं ते मला फार आवडलं. वाद घालत बसण्यापेक्षा त्यानं डेटा गोळा केला. १८२९ पासून १८६९ पर्यंत या शर्यतीत वल्ही मारलेल्या जवळपास ३०० जणांचा माग काढला. कोण जिवंत आहे, कोण गेलं, कशानं गेलं. १८७३ मध्ये हे पुस्तकरूपात छापलं. निष्कर्ष असा, की ही माणसं विम्याच्या आयुर्मान-तक्त्यांतल्या सरासरीपेक्षा कमी नाही, उलट थोडी जास्तच जगत होती. आता हेही खरं, की ती खात्यापित्या घरची मुलं होती, त्यामुळे तुलना अगदी चोख नाही. पण निदान 'शर्यतीनं माणूस मरतो' हे तरी आकड्यांत दिसत नव्हतं.

१८९९ मध्ये स्वीडनच्या हेन्शेननं बर्फावर लांब पल्ल्याचं स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून हृदयाचा आकार अजमावला. एक्स-रे नुकतेच कुठे आले होते, म्हणून ही जुनी पद्धत. त्यांची हृदयं मोठी निघाली. हेन्शेनचं स्वतःचं मत होतं, की हे हृदय मोठं आहे आणि कामही जास्त करतं. म्हणजे आजार नाही. पण लोकांच्या डोक्यात राहिला तो फक्त 'मोठं हृदय' हा शब्द, आणि भीती पुढे चालू राहिली.

आता या भीतीच्या तडाख्यात सापडलेला माणूस बघू. क्लॅरेन्स डीमार. जन्म १८८८, अमेरिकेत ओहायोमध्ये. शिक्षण बोस्टनजवळच्या एका बेटावरच्या शाळेत. व्यवसायानं छापखान्यातला कामगार. खिळे जुळवायचे, रविवारी चर्चच्या शाळेत मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पळायचं. कामावर जाता-येताना पळायचं, ही त्याची ट्रेनिंग. वेगळा वेळ काढायलाच नको! हौशी धावपटू म्हणजे काय, तर हा माणूस.

१९१० च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तो दुसरा आला. १९११ ला पुन्हा उतरला. शर्यतीआधी धावपटूंना तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, तर हृदयात मर्मर ऐकू आली. म्हणजे ठोक्यांच्या मध्ये एक जास्तीचा आवाज. सल्ला मिळाला, की दमल्यासारखं वाटलं तर शर्यत सोड आणि यानंतर पळणं बंद कर. डीमार पळाला, जिंकला, तेही नव्या विक्रमी वेळेत, २ तास २१ मिनिटं ३९ सेकंद. त्या काळी बोस्टनचा मार्ग आजच्यापेक्षा कमी अंतराचा होता, हे लक्षात ठेवा.

१९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो बारावा आला. आणि त्यानंतर मोठी गॅप. बरीच वर्षं तो बोस्टनला उतरलाच नाही. १९१७ मध्ये एकदा आला, तिसरा आला, पुन्हा गायब. कारणं अनेक होती. नोकरी, शिक्षण, धर्माबद्दलची त्याची कडक मतं, मग पहिलं महायुद्ध. पण त्या मर्मरचं सावटही होतंच. धावपटूचं पंचविशी-तिशीचं वय म्हणजे सोन्याचं. ते गेलं.

मग १९२२. वय ३३. डीमार परत आला आणि बोस्टन जिंकला. १९२३ ला जिंकला. १९२४ लाही जिंकला, आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिंपिकमध्ये २ तास ४८ मिनिटं १४ सेकंदांत कांस्यपदक मिळवलं, ३६ व्या वर्षी. १९२७, १९२८, आणि शेवटी १९३०. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. बोस्टनच्या पुरुष विजेत्यांमध्ये एवढ्या वयाचा दुसरा कोणी नाही. एकूण सात वेळा. शेवटचं बोस्टन तो १९५४ मध्ये पळाला, वय वर्षं ६५.

ज्या डॉक्टरांनी त्याला थांब सांगितलं ते पुढे स्वतःच हृदयविकारानं गेले म्हणे. डीमार गमतीनं म्हणायचा, की त्यांनी बहुतेक स्वतःचंच हृदय ऐकलं असावं!

१९५८ मध्ये डीमार कॅन्सरनं गेला. त्याचं शवविच्छेदन झालं आणि त्या केसवर १९६१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख आला. लेखक दोघं, जेम्स करन्स आणि पॉल डडली व्हाइट. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे तेच हे व्हाइट. त्यांना काय दिसलं? डीमारच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या.

इथे माझ्यातला इंजिनिअर हात वर करतो, की एक माणूस म्हणजे एकच डेटा पॉइंट. डीमारच्या धमन्या पळण्यामुळे रुंद झाल्या की रुंद होत्या म्हणून तो एवढा पळू शकला, हे एका केसवरून कळत नाही. बरोबर आहे. म्हणून पुढचा अभ्यास महत्त्वाचा. तो वाचताना मी अक्षरशः झोपाळ्यावर बसलेल्या बाबांकडे वळून बघितलं.

१९५३. लंडन. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर. हृदयविकार कुणाला जास्त होतो हे शोधायला त्यांनी कोण निवडले? बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर! लंडनच्या त्या डबल-डेकर बस. दोघांची कंपनी एक, वस्ती साधारण एक, पगारही आसपास. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणारा. हजारो माणसांची नोंद तपासली. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी होतं, आणि झालाच तर उशिरा आणि कमी घातक. इथेही शंका निघाल्या, उदाहरणार्थ ड्रायव्हरांची पँट आधीपासूनच मोठ्या मापाची असायची. हे मॉरिस यांनीच पुढे गणवेशांच्या नोंदींवरून तपासलं. पण मग पोस्टमन आणि ऑफिसातले कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. हे मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

मी बाबांना हे वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणून माझ्या गाडीचा कंडक्टर अजून शेतात कुदळ मारतोय होय!"

पण मग लगेच, "ते अटॅक यायच्या आधीचं झालं. आलाय त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. कारण अटॅक आलेल्यांसाठीचा 'थांब' तर फारच कडक होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटॅक आला की पेशंटला कित्येक आठवडे पलंगावर सपाट झोपवून ठेवायचे. कुशीवर वळायलाही मदतनीस. हेतू चांगला होता. हृदयाची जखम भरेपर्यंत त्याला काम नको. पण पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गाठी व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या आणि माणसं त्यानंच दगावायची. १९५२ मध्ये बोस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी पेशंटना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसतं खुर्चीत बसवणं हे त्या काळात धाडस होतं, विचार करा. आयझेनहॉवरनाही व्हाइट यांनी लवकरच हिंडता-फिरतं केलं, आणि ते पुन्हा निवडणूक लढले, जिंकले.

आणि याचं टोक म्हणजे १९७३. कॅनडात टोरांटोच्या पुनर्वसन केंद्रात टेरेन्स कॅव्हना हे डॉक्टर हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना आधी चालायला, मग हळूहळू जॉगिंगला लावत होते. त्या वर्षी त्यांच्या गटातले काही जण बोस्टन मॅरेथॉन पळाले. डीमारला जिथे 'थांब' सांगितलं होतं, त्याच शर्यतीत.

हे वाचून कुणी उद्या उठून मॅरेथॉनला जाऊ नका. ती माणसं महिनोन्महिने डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून-मापून वाढवत तिथपर्यंत पोचली होती. आणि ज्यांना खरंच थांबायला हवं असे हृदयाचे आजारही आहेतच. मुद्दा एवढाच, की हृदयाच्या बाबतीत सरसकट 'थांब' हा सल्ला शंभर वर्षं भीतीवर चालला आणि मोजायला बसल्यावर तो टिकला नाही.

आता हाडाची गोष्ट

इथे उलटं आहे. इथे शंभर वर्षं 'चल, काही होत नाही' हा सल्ला चालला.

१८५५. प्रशियाच्या सैन्यातला ब्राइटहाउप्ट नावाचा डॉक्टर. त्याच्याकडे तरुण शिपाई यायचे, लांब कूच करून पाय सुजलेले, दुखणारे. पडलेले नाहीत, मार लागलेला नाही, तरी पाऊल टेकवत नाही. त्यानं याची नीट नोंद केली. पण आत बघायचं साधनच नव्हतं. त्याला वाटलं, मऊ भागांची सूज असेल. अशा शिपायावर कामचुकारपणाचा संशय घेणं किती सोपं होतं, विचार करा. दिसत तर काहीच नाही!

१८९५ मध्ये रंटगेनला क्ष-किरण सापडले. दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, श्टेखोव्ह या जर्मन लष्करी डॉक्टरनं अशा सुजलेल्या पायांचे फोटो काढले आणि कोडं सुटलं. पावलाच्या लांब हाडांना बारीक तडे गेले होते. चालून चालून हाड मोडलं होतं. नाव पडलं 'मार्च फ्रॅक्चर'.

पण धावपटूंपर्यंत हे ज्ञान यायला आणखी साठ वर्षं लागली. नडगी दुखते म्हणजे 'शिन' दुखतं, स्नायूचं दुखणं असेल, पळत राहा, बसेल. १९५८ मध्ये मायकेल डेव्हस या ब्रिटिश हाडांच्या सर्जननं खेळाडूंच्या नडगीवर लेख लिहिला आणि दाखवलं, की ज्याला सगळे नुसतं नडगीचं दुखणं म्हणतात त्यातल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात स्ट्रेस फ्रॅक्चर असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ते दिसेलच असं नाही. हाड भरायला लागतं, नवं हाड साचतं, तेव्हा कुठे ते फोटोत उमटतं. त्याला काही आठवडे जातात.

हे वाचलं त्या पहाटे मी लॅपटॉप मिटून ठेवला. माझा 'स्वच्छ' एक्स-रे! सर्व्हर कोसळत असताना लॉगमध्ये एरर नाही म्हणून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्या ज्युनियरला मी किती वेळा झापलंय. लॉगिंगच सुरू नसेल तर एरर कुठून दिसणार? आणि मी स्वतःच्या हाडाबाबत तेच केलं. १९५८ पासून छापून आलेली गोष्ट, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

हाड नेमकं मोडतं कसं, तेही सांगतो, कारण मला ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हाड म्हणजे दगड नाही, जिवंत आहे. त्यावर नवा भार पडला की शरीर ते जास्त मजबूत बांधायला घेतं. पण रस्तेवाले करतात तसंच, आधी खणतात, मग भरतात. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आधी येतात, त्यांचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं. नवं भरणाऱ्या पेशी मागून येतात, त्यांना तीन महिने लागू शकतात. म्हणजे ट्रेनिंग वाढवल्यावर पहिले काही आठवडे हाड आधीपेक्षा मजबूत नाही, उलट थोडं कच्चं असतं. दम मात्र तेवढ्यात वाढतो. फुप्फुसं म्हणतात 'पळ', हाड म्हणतं 'रस्ता खणलाय'. माझे ३२, ४४, ५३ हे आकडे आठवा. खणलेल्या रस्त्यावरून मी ट्रक नेले.

म्हणजे इथे 'थांब' हा सल्ला भीतीचा नव्हता. त्याला कारण होतं, मुदत होती.

थांबून परत आलेली बाई

एक शेवटची गोष्ट, जिच्यात दोन्ही धागे आहेत. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर पळाल्या. शर्यत संपल्यावर काही जणी मैदानावर टेकल्या. पुरुषही टेकतातच. पण ओरड झाली, की बायकांना हे झेपत नाही. १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या पुढे पळू दिलं नाही. मॅरेथॉन तर थेट १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. पुन्हा तोच भीतीचा 'थांब'.

अमेरिकेची जोन बेनॉइट त्या पहिल्या मॅरेथॉनची तयारी करत होती. १९८३ मध्ये बोस्टनला तिनं २ तास २२ मिनिटं ४३ सेकंदांची जगातली सर्वोत्तम वेळ दिली होती. १९८४ च्या मार्चमध्ये लांब पळताना तिचा गुडघा धरला. विश्रांती घेतली, पुन्हा पळाली, पुन्हा धरला. २५ एप्रिलला दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. संघ निवडायची शर्यत १२ मे ला. मध्ये फक्त १७ दिवस. ती त्या शर्यतीत उतरली, २ तास ३१ मिनिटं ४ सेकंदांत जिंकली, आणि ५ ऑगस्टला २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं.

ही गोष्ट नेहमी 'जिद्द असेल तर १७ दिवसांत काहीही होतं' अशी सांगितली जाते. मीही डिसेंबरमध्ये ती तशीच वाचली. मॅरेथॉनला पाच आठवडे होते, बेनॉइटला तर तीनही नव्हते! एका रात्री मी खरंच शर्यतीचा बिब नंबर बघत बसलो होतो. पण नीट बघितलं तर? तिच्या गुडघ्यात अडकणारा एक पट्टा होता, तो कापून काढला, कारणच गेलं. माझ्या हाडात चीर होती. तिला कापून काढता येत नाही, भरायला वेळच द्यावा लागतो. तिचे १७ दिवस माझ्या उपयोगाचे नाहीत. दुखण्याचं नाव वेगळं, तर घड्याळही वेगळं.

या सगळ्या वाचनातून मी स्वतःसाठी तीन प्रश्न काढले. कुणी 'थांब' म्हटलं की विचारायचं: नेमकं कशामुळे? किती दिवस? आणि पुन्हा सुरू कसं करायचं? डीमारला पहिल्याचं अर्धवट उत्तर मिळालं, बाकी दोन्हींचं मिळालंच नाही. बाबांना 'जपा' म्हणणाऱ्यांकडे तिन्हींची उत्तरं नाहीत. माझ्या डॉक्टरांकडे मात्र तिन्ही होती. नडगीला चीर आहे म्हणून. सहा आठवडे. आधी चालताना दुखलं नाही पाहिजे, मग एका पायावर उड्या मारताना, मग एक मिनिट पळ आणि चार मिनिटं चाल, एक दिवसाआड. म्हणून ऐकलं.

नव्या वर्षात पुण्याला येऊन तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यातल्या पाण्यात पळालो. आजूबाजूची पोरं हसायची. जानेवारीत ग्रुपबरोबर मुंबईला गेलो, पण पेडर रोडच्या चढावर उभा राहून केळ्यांच्या फोडी वाटायला. खोटं कशाला बोलू, ३० किलोमीटर पार करून चढाला लागलेले आमचे लोक बघून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या ग्रुपमधले साठीचे काका फोड उचलताना म्हणाले, "पुढच्या वर्षी केळं मी देतो, तू खा."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कराडला गेलो. पहिली पळण्याची सकाळ. निघताना बाबांना म्हटलं, "मला चार मिनिटं चालायचंय आणि एकच मिनिट पळायचंय. चालायला सोबत चला." डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचला त्यांनी. तपासणीचा रिपोर्ट, औषधांची वेळ, सगळं. मग चप्पल काढून बूट घातले. फाटकाशी थांबले. मी काही बोललो नाही.

फाटक उघडून ते बाहेर पडले. मी एक मिनिट पुढे पळायचो, मग वळून त्यांच्याकडे चालत यायचो. पुन्हा एक मिनिट. प्रीतिसंगमापर्यंत जायचा विचार होता. पहिल्या दिवशी अर्ध्यातच परतलो, कारण त्यांना दम लागला आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर आईनं आधी त्यांची नाडी बघितली, मग माझी नडगी.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "आज कृष्णा-कोयनेचं पाणी बघून आलो." धडधडलं का, असं विचारलं. म्हणाले, "धडधडलं की. चाललो म्हणून धडधडलं."

माझं स्प्रेडशीट अजून आहे. त्यात आता एक तिसरा रंग आलाय, पिवळा. ठरवून घेतलेली विश्रांती. तो रकाना भरलेला दिसला की आता मला अपराधी वाटत नाही.

तुमच्यापैकी कुणाला असं थांबावं लागलं असेल, किंवा उगाच थांबवलं गेलं असेल, तर कळवा, मला ऐकायला आवडेल. आणि नडगीवर एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल, तर हा भाग संपल्यावर पळायला जाऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा. भेटू पुढच्या भागात.